तो चंद्र चिकटवलेला नाहीये

माझ्या फोटोबद्दल तुम्ही लिहिलंय की चंद्र, शुक्र आणि कृत्तिका (ताऱ्यांचा तो छोटा पुंजका) एका फोटोत असे येऊच शकत नाहीत, कोर असताना अख्खा गोल कसा दिसेल, म्हणजे चंद्र नंतर फोटोशॉपमध्ये चिकटवलाय. आरोप मोठा आहे, पण तुम्ही फोटो बारकाईने बघितलाय म्हणून सविस्तर लिहितो.

क्लिक एकच आहे. ८५ एमएम लेन्स, एफ २.८, आयएसओ ८००, २ सेकंद, ट्रायपॉडवर. चंद्राचा तो अख्खा, मंद गोल दिसतो पृथ्वीमुळे, म्हणजे सूर्याचा उजेड आपल्या ढगांवरून, समुद्रावरून उलटा फिरून चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पडतो आणि तिथून परत आपल्याकडे येतो, लिओनार्दो दा विंचीने ५०० वर्षांपूर्वीच हे कारण लिहून ठेवलंय. द्वितीया-तृतीयेला तो छान दिसतो कारण तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते. नुसत्या डोळ्यांनीही दिसतो हो, पुढच्या द्वितीयेला आकाश स्वच्छ असेल तर बघाच.

चिकटवलाय का ते मोजूनही कळतं. ८५ एमएमला चंद्र सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, जेमतेम ०.८ एमएम येतो आणि माझा सेन्सर ३६ एमएम रुंद आहे, म्हणजे रुंदीच्या साधारण पंचेचाळिसावा भाग. फोटो क्रॉप केलेला नाही, तो मंद गोल मोजा, तेवढाच भरेल.

कोर जळलीय, म्हणजे नुसती पांढरीफटक आलीय, हे मात्र तुमचं अगदी बरोबर. कोर आणि तो मंद भाग यांच्या उजेडात हजारो पटींचा फरक असतो, कोरीवरचे खड्डे हवे असते तर याच सेटिंगला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास न्यावं लागलं असतं आणि मग कृत्तिका गायब. मी कृत्तिका निवडल्या. कमी-जास्त वेळेचे दोन फोटो जोडून दोन्ही मिळतं, तसं स्पष्ट सांगून कोणी केलं तर त्यात वाईट काही नाही, मला एका क्लिकमधलं हवं होतं एवढंच.

शटरची वेळ २ सेकंदांहून आणखी वाढवली का नाही, तर तारे पळतात, म्हणजे ठिपक्यांच्या रेघा होतात. ५०० भागिले फोकल लेंथ (इथे लेन्सचे ८५ एमएम) या नियमाने जवळपास ६ सेकंद चालायला हवेत, पण झूम करून बघितलं तर ४ सेकंदांतच कृत्तिका लांबुळक्या झाल्या होत्या, म्हणून २ वर आलो.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, हवी असेल तर सांगा, पाठवतो. आधीच्या फ्रेम्सही देतो, त्यात आकाश अजून निळं आहे, चंद्र आणि शुक्र आहेत आणि कृत्तिका दिसायच्या आहेत.