गळा एकाचा, खाते दुसऱ्याचे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या कट्ट्यावर संगीताचा विषय निघायला निमित्त लागत नाही. परवा तो निघाला राणू मंडल यांच्यावरून. सलीमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात. त्याचे मत असे की, इंटरनेटवर मिळालेले नाव रियाजाशिवाय मिळालेले असते, म्हणून ते टिकत नाही आणि टिकूही नये. "लोकांनीच डोक्यावर घेतलं, लोकांनीच खाली ठेवलं. यात तक्रार कुणी कुणाकडे करायची?" असे तो म्हणाला आणि वादाला तोंड फुटले.

हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. २०१९ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमधील राणाघाट स्थानकावर एका तरुण अभियंत्याने या बाईंचे गाणे मोबाइलवर चित्रित करून फेसबुकवर टाकले. गाणे होते 'शोर' या १९७२ च्या चित्रपटातले, मूळ लता मंगेशकर आणि मुकेश यांनी गायलेले. पुढच्याच महिन्यात हिमेश रेशमिया यांनी त्यांच्याकडून 'हॅपी हार्डी अँड हीर' या चित्रपटासाठी गाणे ध्वनिमुद्रित करून घेतले. सलमान खानने त्यांना लाखो रुपयांचे घर दिल्याची बातमी मधल्या काळात देशभर फिरली आणि ती खोटी निघाली. नोव्हेंबरमध्ये मात्र वारे फिरले. खांद्याला हात लावणाऱ्या एका चाहतीवर त्या रागावल्याची काही सेकंदांची चित्रफीत पसरली, आणि पाठोपाठ भडक रंगरंगोटी केलेला त्यांचा एक फोटो चेष्टेचा विषय झाला. तो फोटो कुणीतरी फेरफार करून पसरवला आहे, असे मेकअप करणाऱ्यांनी मूळ छायाचित्र दाखवून सांगितले. परंतु तोपर्यंत हसणारे हसून पुढच्या विषयाकडे गेले होते.

माझे म्हणणे एवढेच होते की, या संपूर्ण प्रकरणात त्या बाईंच्या हातात काहीच नव्हते. पहिली चित्रफीत त्यांनी काढली नव्हती, घराची बातमी त्यांनी दिली नव्हती आणि तो फोटोही त्यांनी टाकला नव्हता. त्यांची कीर्ती आणि बदनामी दोन्ही दुसऱ्यांच्या फोनमध्ये तयार झाल्या. अशा माणसाला "तुला यश पचवता आलं नाही" असे सुनावणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो. फलाटावर बसणाऱ्या बाईच्या अंगाला आदल्या वर्षी कुणी हात लावला असता आणि ती ओरडली असती, तर त्याची बातमी झाली नसती.

शिरीषकाकांना हे पटले नाही. ते बँकेतून निवृत्त झाले असून त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह आहे. त्यांनी लताबाईंच्या त्या वेळच्या प्रतिक्रियेची आठवण करून दिली. आपल्या नावाने आणि कामाने कुणाचे भले होत असेल तर आनंदच आहे, परंतु अनुकरण हा कलेचा भरवशाचा सोबती नाही, अशा आशयाचे त्या बोलल्या होत्या. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, तरी काकांच्या मते त्यात चुकीचे काही नव्हते. नक्कल ऐकायला गर्दी जमते, पण पुढच्या वेळी ती मूळ गाणेच लावते.

यावर बाळू उसळला. तो बेंजो पार्टीत वाजवतो, आणि लग्नाच्या वरातींपासून गणपतीच्या मिरवणुकांपर्यंत त्याची सगळी कमाई दुसऱ्यांच्या चालींवर होते. "काका, तुमचं बरोबर आहे, पण फलाटावर बसून स्वतःची चाल गायली असती तर कुणी थांबलं असतं का? लोक ओळखीचं गाणं ऐकूनच थांबतात," असे तो म्हणाला.

"मग स्वतःचं गाणं गाणाऱ्याचं काय होतं तेही ऐक," असे म्हणत कुलकर्णी वकिलांनी भुबन बड्याकर यांचा विषय काढला, आणि माझ्या मते चर्चा खऱ्या ठिकाणी आली ती इथे. बीरभूम जिल्ह्यातला हा भुईमुगाच्या शेंगा विकणारा माणूस. मोडक्या दागिन्यांच्या आणि जुन्या मोबाइलच्या बदल्यात कच्च्या शेंगा घ्या, अशी आरोळी त्याने स्वतः चालीत बांधली होती. २०२२ च्या सुरुवातीला तिच्या रिमिक्सवर देश नाचला. एका संगीत कंपनीने त्याला तीन लाख रुपये दिल्याच्या बातम्या आल्या आणि सगळ्यांना बरे वाटले. पुढच्याच वर्षी त्याची तक्रार छापून आली की, आपण इंग्रजी न कळता कागदांवर सह्या केल्या आणि आता आपलेच गाणे गाऊन टाकले तर कॉपीराइटचा दावा येतो. कागदात नेमके काय होते ते आम्ही कुणी पाहिलेले नाही. पण असा दावा कसा येतो, हे वकिलांनी नीट समजावले. यूट्यूबवर ज्याने एखादे ध्वनिमुद्रण हक्कदार म्हणून नोंदवले असेल, त्याच्या नमुन्याशी प्रत्येक नवी चित्रफीत यंत्र ताडून पाहते. जुळली की जाहिरातीचे पैसे नोंदवणाऱ्याकडे वळतात किंवा चित्रफीतच अडवली जाते. गळा मुळात कुणाचा, याची चौकशी यंत्र करत नाही.

सलीम थोडा नरमला, पण त्याने मुद्दा सोडला नाही. त्याचा प्रश्न असा होता की, कंपन्या पूर्वीही होत्या आणि त्यांनी कलावंतांना पूर्वीही लुबाडले. मग इंटरनेटला वेगळा दोष का द्यायचा? शिरीषकाका नेमके याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात असत, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी बाई कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारत. काकांच्या संग्रहातून ते ऐकलेले असल्याने आम्हाला त्या आवाजातली ऐट माहीत आहे. कंपनीने पैसा किती कमावला हा भाग वेगळा. परंतु ती तबकडी जगात कुठेही वाजली, तरी गाणारीचे नाव गाण्याला चिकटलेलेच राहिले.

काकांनी मग आमच्या गावचा दाखला दिला, आणि मिरजेत तो न देणे शक्यच नाही. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, इथल्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणे होते. त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक मुलगा १९३३ मध्ये घर सोडून गुरूच्या शोधात निघाला, तो पुढे भीमसेन जोशी झाला. "यंत्राने नाव पसरतं ते असं," काका म्हणाले. "तबकडीवर नाव छापलेलं होतं, म्हणून त्या पोराला कळलं की आपल्याला कुणासारखं गायचं आहे." सलीमने लगेच भर घातली की, खाँसाहेबांनी तबकडीआधी आयुष्यभर रियाज केला होता. ते खरेच आहे; पण मुद्दा नावाचा चालला होता.

तेव्हा बाळूने खिशातून फोन काढला आणि इन्स्टाग्रामवरचे एक रील आम्हाला दाखवले. गेल्या विसर्जन मिरवणुकीतला प्रसंग होता. मागे स्वागत कमानीचे दिवे, पुढे बाळू आणि बेंजोच्या बटणांवर वेगाने फिरणारी त्याची बोटे. चित्रण चांगले होते. मात्र खालच्या ओळीत 'ओरिजिनल ऑडिओ' या शब्दांच्या आधी जे नाव सरकत होते ते कुण्या अनोळखी खात्याचे होते. त्या ओळीवर बोट ठेवले की तोच आवाज वापरून इतरांनी केलेल्या चित्रफितींची रांग उघडत होती. कुणी मोटारसायकल दाखवली होती, कुणी बारशाचे फोटो जोडले होते, आणि त्या सगळ्यांच्या खाली त्याच अनोळखी खात्याचे नाव होते. बाळूचे नाव कुठेच नव्हते. "लोक मला रस्त्यात ओळखतात, पण सुपारी त्या पोरांच्या खात्यावर विचारतात," असे तो म्हणाला. त्यात रागापेक्षा हिशेबाची चिंता अधिक होती, आणि ती मला अधिक पटली.

सगळ्यांचेच असे होते असे नाही, हे मीच बोलून दाखवले. जळगावकडच्या संजू राठोडचे 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये गाजले, तेव्हा त्यावर लाखो अनोळखी लोकांनी रीळ केले. तरी गाणे त्याने स्वतः लिहिलेले आणि गायलेले होते, आधी त्याच्या नावाने बाहेर पडले होते आणि मग नाचणाऱ्यांच्या हाती गेले. गर्दी दोन्हीकडे तीच, फुकट वापरही तोच. क्रम तेवढा उलटा. सलीम म्हणेल की, संजूकडे तयारी होती. मी म्हणेन की, बड्याकर यांच्याकडेही वर्षानुवर्षे आरोळी देऊन घटवलेली चाल होती. नव्हती ती कागदाची जाण आणि कागद समजावून सांगणारा माणूस.

कायद्यात याची थोडी सोय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराने हक्क विकले, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या मानधनाचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही, म्हणजे तसे लिहून घेतले तरी ते चालत नाही. मात्र तो वाटा आपोआप घरी येत नाही. नोंदणी करावी लागते आणि कृती आपली आहे हे दाखवावे लागते. वकिलांनी बाळूला विचारले, "त्या रीळमधलं तुझं स्वतःचं काय आहे?"

बाळूने प्रामाणिकपणे सांगितले की, मुख्य गाणे हिंदी चित्रपटातले आहे, तेव्हा त्यावर दावा आलाच तर तो कंपनीचा येणार. सुरुवातीचा हलगीबरोबरचा लांब तुकडा मात्र कुठल्याही सिनेमातला नाही, आणि लोक नेमका तोच कापून वापरतात. "मग तो वेगळा वाजव, नीट ध्वनिमुद्रित कर आणि नावासकट स्वतः टाक," असे वकील म्हणाले. बाळू थोडा घुटमळला. तो तुकडा संभाने बसवला होता, आणि संभा पार्टी सोडून इचलकरंजीला गेला आहे.

"मग आधी संभाला फोन कर," वकील म्हणाले. बाळूने तिथेच लावला. सगळे ऐकून घेतल्यावर संभाने विचारले, "टाक की, पण खातं कुणाच्या नावावर उघडणार?"