तो हसत नाही, आणि तो सरदारही नाही

फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराचं ‘द लाफिंग कॅव्हलिअर’ (म्हणजे हसरा सरदार) हे तैलचित्र एका मजकुरासह फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: हा डच राजाच्या घोडदळातला सरदार, लढाई जिंकून आल्यामुळे तो हसतोय, आणि त्याच्या डोळ्यांत चित्रकारानं गुप्त करामत केल्यामुळे ते आपला पाठलाग करतात. मला हे चित्र फार आवडतं, म्हणून हे असंच सोडून देववत नाही.

राजापासून सुरुवात करू. चित्रावरच साल लिहिलंय, 1624. तेव्हा डच प्रांतांना राजाच नव्हता. स्पेनच्या राजाला झुगारून त्यांनी प्रजासत्ताक उभं केलं होतं आणि त्याच स्पेनशी त्यांचं युद्ध चालू होतं.

मग सरदार? त्याच्या कोपरापाशी तलवारीची मूठ दिसते, हे खरं. पण हाल्स राहायचा त्या हार्लेम शहरात तलवार सैनिकच लावत असं नाही. हाल्सनं 1616 मध्ये नगररक्षक दलाच्या अधिकाऱ्यांची मेजवानी रंगवली. त्या अधिकाऱ्यांत बिअर गाळणारे कारखानदार होते. पैसेवाल्या नागरिकाच्या पोशाखात तलवार शोभेची असायची.

‘कॅव्हलिअर’ हे नाव तर हाल्सनं दिलेलंच नाही. 1865 मध्ये पॅरिसच्या लिलावात इंग्रज उमराव लॉर्ड हर्टफर्ड यांनी बँकर रॉथशिल्ड यांच्याशी चढाओढ करून हे चित्र 51,000 फ्रँकला घेतलं. पुढे 1870च्या दशकात ते लंडनच्या बेथ्नल ग्रीन इथं मांडलं गेलं, लोकांना वेड लागलं, आणि हे नाव तिथल्या प्रेक्षकांनी आणि वर्तमानपत्रांनी चिकटवलं. म्हणजे चित्र काढून सुमारे अडीचशे वर्षं झाल्यावर! इंग्रजांच्या इतिहासात कॅव्हलिअर म्हणजे 1640च्या दशकातल्या यादवी युद्धातले राजाचे पाठीराखे. हार्लेमच्या या तरुणाचा त्यांच्याशी काय संबंध?

आता हसू. तोंडाकडे नीट बघा. ओठ मिटलेले आहेत, दात दिसत नाहीत. मिशांची टोकं वर वळवलेली आहेत, त्यामुळे गाल उचलल्यासारखे वाटतात. फार तर स्मित म्हणा. हसू रंगवणं हाल्सला उत्तम जमायचं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातला त्याचा हसरा मुलगा पाहा, दात दाखवून खळखळून हसतोय. इथं त्याला ते नको होतं.

डोळ्यांची करामत घरी तपासता येते. भिंतीवर आजोबांचा फोटो असेल आणि ते थेट कॅमेऱ्यात बघत असतील, तर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. आजोबाही तुमच्याकडेच बघत राहतील. चित्र सपाट असतं. आपण बाजूला सरकलो तरी बुबुळ डोळ्याच्या मध्यावर होतं तिथंच राहतं. यात गुपित काहीच नाही.

ज्या गोष्टीबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही, ती म्हणजे बाही. काळ्या अंगरख्यावर पांढऱ्या, सोनेरी आणि लाल धाग्यांचं भरतकाम आहे. त्यात मधमाश्या आहेत, बाण आहेत, ज्वाळा ओकणारी समृद्धीची शिंगं आहेत, प्रेमिकांच्या गाठी आहेत. मर्क्युरी या रोमन देवाची पंखांची टोपी आणि दंडही आहे. बाण, गाठी, ज्वाळा या त्या काळच्या प्रेमाच्या खुणा, आणि मर्क्युरी हा व्यापाराचा देव. काही अभ्यासकांच्या मते हा हार्लेमचा कापड व्यापारी टिलेमन रोस्टरमन असावा. हे सिद्ध झालेलं नाही, पण बाहीवरच्या मर्क्युरीमुळे मला तो अंदाज सरदाराच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. मनगटावरची लेस जवळून बघितली तर नुसते पांढरे फटकारे दिसतात. दोन पावलं मागे या, तिची जाळी उमटते.

वर कोपऱ्यात लॅटिनमध्ये त्याचं वय लिहिलंय, 26. नाव नाही. चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. पुढे पाठवायचंच असेल, तर तो मजकूर काढून टाका आणि बाही मोठी करून पाठवा.