विश्व माणसासाठीच, म्हणे

सध्या सांगली-तासगावकडच्या ग्रुपांवर ‘वाचा आणि पुढे पाठवा’ छापाचा एक मजकूर फिरतोय. सार असं: पृथ्वी सूर्याच्या किंचित जवळ असती तर आपण जळालो असतो, किंचित लांब असती तर गोठलो असतो. चंद्र-सूर्य आकाशात सारख्याच मापाचे दिसतात. फळं तर आपल्या सोयीनंच घडवलेली. म्हणजे विश्वाला हेतू आहे आणि तो हेतू माणूस.

‘किंचित’ म्हणजे किती, ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असते, जुलैत 15.2 कोटींवर. दरवर्षी 50 लाख किलोमीटरची ये-जा, आणि सगळ्यात जवळ असताना आपण इथं शेकोटी पेटवून बसलेलो असतो!

चंद्र-सूर्याचं मापही नेहमी जुळत नाही. 26 डिसेंबर 2019 ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती ग्रहण दिसलं, कारण चंद्र सूर्याला झाकायला पुरला नाही. शिवाय तो दरवर्षी 3.8 सेंटिमीटर लांब सरकतोय.

फळांपाशी मात्र थांबायला हवं, कारण उदाहरण द्राक्षाचं दिलंय: ‘बी थुंकायचाही त्रास नको म्हणून देवानं बिनबियाचं दिलं.’ हा माणूस बागेत कधी शिरलेला दिसत नाही. रानवेलीच्या द्राक्षाला बी असतंच. पाखरानं फळ खाऊन बी लांब टाकावं, गोडी त्यासाठी. थॉमसन या बिनबियाच्या जातीत बी धरतं, पण वाढत नाही. त्यामुळं मणी मूळचाच बारीक आणि बियातून नवा वेल उगवायची सोय नाही. मग आपण डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर कलम भरतो, एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि फुगवण यावी म्हणून घड जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवतो. एवढं करून फुलोऱ्यात पावसाची झड लागली की डावणी हा बुरशीसारखा रोग घड खाऊन टाकतो. विश्व आपल्यासाठीच आहे असं म्हणायचा हक्क त्या डावणीलाही तेवढाच.

मजकुरात नसलेला एक मुद्दा मात्र वजनदार आहे. गुरुत्वाकर्षणासारख्या मूळ बलांचं प्रमाण बरंच वेगळं असतं तर तारेच जमले नसते. ते असंच का, यावर भौतिकशास्त्रज्ञांत खरा वाद आहे. पण त्यातून फार तर तारे आणि त्यांच्या पोटात शिजलेला कार्बन इथवर पोचता येतं. तो कार्बन डावणीलाही लागतो.