सोवळ्यातली बंदूक

आजीच्या स्वयंपाकघरात शिरायचं म्हणजे चुलीपासून चार हात लांब उभं राहायचं, कशाला बोट लावायचं नाही, आणि "शिवलास का रे?" म्हटलं की दोन्ही पंजे पसरून दाखवायचे. हे संस्कार वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या माळावर बंदूक धरताना कामी येतील असं काही वाटलं नव्हतं.

आमच्या शेजारचे आजोबा दर रविवारी बंदुकीनं 'क्ले पिजन', म्हणजे मातीचं कबुतर, मारायला जातात. यात मातीही नाही आणि कबुतरही नाही. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि चुनखडी मिळून केलेली, ११० मिलिमीटर व्यासाची, पणतीची मोठी बहीण शोभेल अशी बशी असते, ती हवेत उडवायची आणि गोळीनं फोडायची. पूर्वी पेटीतून खरी कबुतरं सोडत. इथे १९२१ साली कायद्यानं ते बंद झालं. पण बशीला अजून 'बर्ड' म्हणतात आणि ती फुटली की 'किल'. डालड्याला आपण तूप म्हणायचोच की.

फोनवर भावाला सांगितलं तर म्हणाला, "२००४ ला अथेन्स ऑलिंपिकला राज्यवर्धन राठोडनं रौप्य आणलं, तेच ना हे?" साधारण तेच. फक्त त्याला एका वेळी दोन बशा फोडायच्या होत्या आणि मला एक.

माझा खांदा मागच्या वर्षी आखडला होता, म्हणून आजोबांनी प्रेमानं स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक दिली. उडालेल्या काडतुसाच्याच गॅसवर ती पुढचं काडतूस भरते, त्यामुळे खांद्याला दणका कमी बसतो. बाकी सगळ्यांकडे दुनाळी. दुनाळी मधोमध बिजागरीवर मोडते. मोडलेली बंदूक हातावर टाकून लोक चहाच्या रांगेत उभे असतात आणि लांबूनच नळ्यांतून पलीकडचं गवत दिसतं. रिकामी आहे, विषय संपला. माझी मोडतच नव्हती. सरळसोट. पोटात काय आहे ते तिचं तिला ठाऊक.

त्यामुळे तिचं सोवळं फार. वापरात नसेल तेव्हा पिशवीत. पिशवीबाहेर आली की बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बसणारा सरकता दट्ट्या, मागे अडकवलेला, तोंड आभाळाकडे, आणि काडतुसाच्या खोबणीत नारिंगी प्लॅस्टिकचा छोटा झेंडा. तरीही ओळखपाळख नसलेली माणसं जवळ येऊन खोबणीत डोकावत, मान हलवत आणि मग हवापाण्याचं बोलायला लागत. मी प्रत्येकापुढे आपणहून बंदूक आडवी करून खोबण दाखवू लागलो. आजी असती तर धन्य झाली असती.

तासभर सराव झाल्यावर आजोबांनी मला 'डाउन द लाइन'च्या ओळीत उभं केलं. पाच जण शेजारी शेजारी, समोर जमिनीलगत बशा फेकणारं यंत्र. प्रत्येकाला २५ बशा. पहिल्या गोळीला फुटली तर ३ गुण, दुसऱ्या गोळीला फुटली तर २. पाच बशा झाल्या की सगळ्यांनी उजवीकडे एकेक जागा सरकायचं. पाचव्यानं मागून वळसा घालून पहिल्या जागी यायचं. सरकताना अर्थातच बोल्ट मागे. आपली पाळी आल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, आणि काहीही झालं तरी बंदुकीसकट मागे वळायचं नाही. "बायकोनं हाक मारली तरी?" मी विचारलं. "तेव्हा तर नाहीच," आजोबा म्हणाले.

पाळी आली. एक काडतूस खोबणीत टाकलं, बटण दाबलं. बोल्ट खाडकन पुढे आला. दुसरं काडतूस खालून, पोटाकडून सरकवायचं असतं. ते अंगठ्यानं पार आत रेटायचं आणि अंगठा मात्र वेळेवर काढून घ्यायचा. मी काडतूस आत रेटलं. आतल्या झडपेनं अंगठा धरून ठेवला.

"आई गं!"

आता प्रत्येकाच्या पायाशी एक मायक्रोफोन असतो. आपण "पुल" ओरडलो की यंत्र बशी फेकतं. यंत्राला इंग्रजी कळत नाही, त्याला नुसता आवाज लागतो. माझ्या आईच्या नावानं एक बशी दिमाखात उडाली, अर्ध्या मैदानावर तरंगली आणि अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन बसली. मी आजोबांना अंगठा दाखवायला मान वळवली. नुसती मान! तोवर त्यांचा पंजा माझ्या खांद्यावर घट्ट बसला होता आणि बंदूक होती तिथेच, समोर रोखलेली. "नो बर्ड," मागून पंच म्हणाले, म्हणजे ही बशी धरायची नाही. त्या आवाजात दुःख नव्हतं, पण आशाही नव्हती.

पुढची बशी मी नीट "पुल" म्हणून मागितली आणि फोडलीही. काळा धूर होऊन ती हवेतच विरली. त्या आनंदात ध्यानातच आलं नाही की माझी बंदूक रिकाम्या पुंगळ्या उजवीकडे फेकते. दुनाळीवाला पुंगळी हातात झेलून खिशात टाकतो. माझी पुंगळी उजवीकडच्या सद्गृहस्थांच्या टोपीवर टपकली.

ते म्हणाले, "सॉरी."

दुसरी त्यांच्या कॉलरवर. "सॉरी." मी बरोबरीनं सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मायक्रोफोन आठवला आणि मिटलं. सगळे एकदमच सरकत असल्यामुळे त्यांचा शेजार सुटणार नव्हता. मी पाचव्या जागी, ते वळसा घालून पहिल्या जागी, तेवढ्या पाच बशा त्यांना विश्रांती. मग मीही वळसा घालून त्यांच्या डावीकडे हजर.

७५ पैकी ३१ गुण मिळाले. आजोबांनी बंदूक माझ्या हातून घेतली, तपासली, झेंडा लावला, पिशवीत घातली आणि पिशवीची चेन लावून वर एकदा थोपटली.

चहा घेत अंगठा फुंकत बसलो होतो. ते टोपीवाले गृहस्थ आले. जॅकेटच्या टोपीत हात घालून त्यांनी एक पुंगळी काढली, मग दुसरी, मग बराच वेळ चाचपून तिसरी, आणि माझ्या बशीशेजारी नीट ओळीनं उभ्या करून ठेवल्या.

"या तुमच्या असाव्यात," ते म्हणाले. "सॉरी हं."