‘स्पीडनं कोणी मरत नाही’ म्हणणाऱ्या पोट्ट्यांना

सध्या पोट्ट्यांच्या स्टेटसवर एकच मजकूर फिरतोय: "स्पीडनं कोणी मरत नाही, कंट्रोल सुटला की मरतो. हात पक्का, एबीएसची गाडी, रोजचा रस्ता. मग ८० नं चालवली तरी काही होत नाही. अपघात होतात ते खड्ड्यांनी." माझ्या गॅरेजात येणाऱ्या दोघांनी तो मलाही पाठवला. नागपुरात ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून उत्तर देतो.

आधी कंट्रोल. समोर काही आडवं आलं, की ते दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत चांगल्या चालवणाऱ्यालाही साधारण एक सेकंद लागतो. ८० च्या वेगात तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक न लागता. मग कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक मारला तरी आणखी ४० मीटर. ६० ला सगळं मिळून ४० मीटर पुरतात. म्हणजे ६० वाला जिथे पूर्ण थांबला, तिथे ८० वाला अजून ६० च्याच वेगात असतो. हा हिशेब मी तीनदा मांडला, कारण पहिल्यांदा मलाच पटेना. हात कितीही पक्का असो, त्या जागेवर पोहोचल्यावर त्याच्या हातात काय उरतं?

आणि हात खरंच पक्का असतो का? ठोकून आलेल्या गाडीचं मागचं टायर मी सगळ्यात आधी बघतो. कितीदा तरी ते एकाच जागी घासून सपाट झालेलं सापडतं. घाबरला की माणूस पायाचा ब्रेक दाबून धरतो, मागचं चाक जाम होतं आणि गाडी घसरत जाते. खरं तर ब्रेक मारताना सगळं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम पुढच्या ब्रेकचं. पण "पुढचा दाबशील तर उलटशील" हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं. वर्षानुवर्षं न वापरलेला ब्रेक त्या एका क्षणी नीट कसा वापरला जाईल? अशा गाड्यांचे शॉकअप आत वाकून पुढचं चाक इंजिनाला टेकलेलं असतं. ते बघताना मला दर वेळी चालवणाऱ्याचे गुडघे आठवतात.

एबीएसचं थोडक्यात सांगतो. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे आणि चांगलंच आहे. पण पुष्कळ गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. एबीएस ब्रेक मारताना चाक जाम होऊ देत नाही, एवढंच. आधीच गेलेले २२ मीटर परत आणत नाही.

रोजचा रस्ता म्हणाल, तर हिंगणा रोड घ्या, कामठी रोड घ्या. मधोमध मेट्रोचे खांब. खांबाआडून यू-टर्न घेणारा ऑटो तुम्हाला दिसत नाही, त्याला तुम्ही दिसत नाही. दिसलात तरी दुचाकी समोरून बारीक दिसते, म्हणून ती किती वेगात येतेय याचा अंदाज कारवाल्याचा चुकतो. "निघून जाईन" म्हणून तो वळतो. रस्ता तुमच्या ओळखीचा असेल, पण त्या दिवशी वळणारा माणूस ओळखीचा नसतो. मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात, तेव्हा तर हा अंदाज आणखी फसतो.

खड्ड्यांचं म्हणणं मला मान्य आहे. रिंग रोडच्या खड्ड्यांनी वाकलेल्या रिम मी स्वतः ठोकून सरळ केल्यात, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेल्याची नोंद आहे, त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाखाली आणि ४४ टक्क्यांहून जास्त माणसं दुचाकीवरची. पोलीस 'अतिवेग' सहज लिहून टाकतात असं कोणी म्हणेल. थोडंफार असेलही तसं. तरी ४० ला जो खड्डा टाळता येतो, तोच ८० ला दिसेपर्यंत चाकाखाली आलेला असतो.

ज्यांना अजून पटत नाही, त्यांनी रविवारी सकाळी गॅरेजवर या. हेल्मेट घालून. मागच्या रिकाम्या मैदानात मी खडूची रेघ ओढतो. आधी २० ला, मग ४० ला, रेघेवर आल्यावरच ब्रेक मारायचा. टेप माझ्याकडे आहे, अंतर तुम्ही मोजा.