‘इंद्रायणी काठी’ कोणाचं? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

घरच्या सीडी आणि कॅसेट संगणकावर उतरवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. चार ओळींत उत्तर देणं योग्य वाटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप आधी मांडते. महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत ॲपवर सगळं मिळत असताना सहाशे सीडी एकेक करून उतरवण्यात दीड वर्ष घालवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, हा पहिला. फ्लॅक (सीडीवरच्या आवाजातलं काहीही न गाळता साठवणारा फाइलचा प्रकार) हा मिरवण्याचा प्रकार, 320 च्या म्हणजे वरच्या दर्जाच्या एमपी3 पेक्षा त्यात कानाला काहीही जास्त ऐकू येत नाही, हा दुसरा. सीडीची अशी नक्कल करणं ही चोरीच, हा तिसरा. आणि चौथा असा, की लेखातल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘इंद्रायणी काठी’पुढे गीतकार म्हणून संत तुकाराम लिहिलेलं आहे. “ज्यांना स्वतःच्या टॅगमधली एवढी ढोबळ चूक दिसत नाही, त्यांनी दुसऱ्यांना टॅगिंग शिकवू नये,” असं तुमचं शेवटचं वाक्य आहे. (टॅग म्हणजे फाइललाच जोडलेली गाण्याची माहिती.)

त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. चूक माझी आहे. गीत ग. दि. माडगूळकरांचं, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, आवाज पं. भीमसेन जोशींचा आणि चित्रपट ‘गुळाचा गणपती’, साल 1953. चूक झाली कशी, तेही सांगते. हे गाणं माझ्याकडे एका अभंगांच्या संकलनाच्या सीडीवर आहे. सीडी ड्राइव्हमध्ये टाकली की सॉफ्टवेअर गाण्यांच्या लांबीवरून ती ओळखतं आणि इंटरनेटवरच्या सामायिक यादीतून नावं ओढून आणतं. त्या यादीत कुणीतरी सरसकट सगळ्या गाण्यांना तुकारामांचं नाव लावलं होतं. सीडीच्या इनलेवर, म्हणजे डबीतल्या छापील कागदावर, गीतकारांची नावंच नाहीत. रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी ‘ओके’ दाबलं. शब्दांत इंद्रायणी, आळंदी आणि भजनाची चाल, त्यामुळे ऐकतानाही शंका आली नाही.

तुम्ही लिहिल्यावर त्या सीडीवरचं प्रत्येक गाणं मी पुन्हा तपासलं. ‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’सुद्धा तुकारामांच्याच नावावर पडलं होतं. तो अभंग नामदेवांचा, चाल राम फाटकांची. तोही दुरुस्त केला. दोन्ही गाण्यांना मिळून पाच मिनिटं लागली. यासाठी मी तुमची मनापासून आभारी आहे.

पण तुम्ही त्यावरून जो निष्कर्ष काढलात, तो मला पटत नाही. मी वापरते त्या ॲपवर हेच गाणं तीन निरनिराळ्या संग्रहांत आहे आणि एकाही ठिकाणी चित्रपटाचं नाव नाही. ती नोंद मी बदलू शकत नाही, तुम्हीही बदलू शकत नाही. माझ्या घरातली चूक तुम्ही दाखवलीत आणि आज ती नाही. माझा सगळा लेख याच एका गोष्टीसाठी होता, आणि ती मी नीट मांडू शकले नाही असं तुमची प्रतिक्रिया वाचून वाटतं. आवाज वाचवायला पुष्कळ लोक आहेत. त्या आवाजाबद्दल जे माहीत आहे, ते त्याला चिकटवून ठेवायला मात्र घराघरांतल्या माणसांनाच बसावं लागणार आहे.

गाणं, गायक, अल्बम ही तीन खणांची मांडणी ज्या संगीतासाठी झाली, त्या संगीतात ती चालतेही. आपल्याकडे ती पहिल्याच पायरीवर अडते. नाट्यपदाचंच बघा. ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं 1911 साली. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि बालगंधर्वांपासून आजपर्यंत ती किती जणांनी गायली आहेत. यातला ‘आर्टिस्ट’ कोण? ॲपवर तिथे फक्त या ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याचं नाव येतं. नाटक गेलं, कवी गेला, चाल बांधणारा गेला. शास्त्रीय मैफिलीत तर तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्यावर बसून आवाज देणारा शिष्य कोण, ही माहिती इनलेच्या मागच्या बाजूला बारीक टाइपात असते आणि सीडी भंगारात गेली की तीही जाते. तो तानपुऱ्यामागचा शिष्य पुढे स्वतः मोठा गवई झालेला असतो, अशी उदाहरणं माझ्याच कपाटात आहेत.

म्हणून मी दहा रकाने भरते. फ्लॅक फाइलमध्ये तुम्हाला हवा तो रकाना हव्या त्या नावाने करता येतो आणि एकाच रकान्यात अनेक नावं वेगवेगळी ठेवता येतात. राग, ताल, साथ, बंदिशीची अक्षरं, मैफिलीचं ठिकाण, असं सगळं. जुन्या एमपी3 टॅगमध्ये शीर्षकाला जेमतेम 30 अक्षरांची जागा होती, तेव्हा हे शक्यच नव्हतं. सगळे प्लेअर हे जादा रकाने दाखवत नाहीत, ही अडचण खरी आहे. त्यासाठी राग आणि ताल मी शीर्षकातही लिहिते: ‘मारवा, विलंबित एकताल’. देवनागरीचा हट्टही त्यासाठीच. रोमनमध्ये बागेश्री पाच प्रकारे लिहिलेला सापडतो आणि शोधताना चार सुटतात. देवनागरीतही खड्डे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हेने टंकलं जातं: एक सलग ‘ॲ’, दुसरं ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. माझ्या संग्रहात ॲकॉर्डियन दोन वाद्यं होऊन बसलं होतं, एक फोनवरून टाइप केलेलं आणि एक संगणकावरून. तीन महिने मला कळलं नाही.

‘गीतरामायणा’चा धडा मात्र पहिल्याच आठवड्यात मिळाला. 56 गीतं, अनेक सीडींचा संच, आणि प्रत्येक सीडीवर क्रमांक पुन्हा एकपासून. डिस्क क्रमांकाचा रकाना मी रिकामा ठेवला होता. आईने लावलं, तर प्रत्येक सीडीवरचं पहिलं गीत ओळीने, मग प्रत्येकीवरचं दुसरं. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक असं ऐकलेल्या पिढीतली ती. क्रम तिला पाठ. “राम अजून जन्माला यायचाय आणि हा वनात कसा पोचला?” म्हणाली. त्या दिवसापासून मी डिस्क क्रमांक भरल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही.

आता फ्लॅक. इथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत. चांगल्या एन्कोडरने (एमपी3 बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) केलेला 320 चा एमपी3 आणि फ्लॅक यांतला फरक डोळे बांधून मला ओळखता येत नाही. भाच्याने वीस वेळा परीक्षा घेतली, निम्म्या वेळा चुकले. तरीही मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवते, कारण पुन्हा सहाशे सीडी उतरवायच्या नाहीत. फ्लॅकमध्ये सीडीवरचा आवाज जसाच्या तसा असतो, त्यामुळे त्यातून उद्या कुठल्याही नव्या प्रकारात जाता येतं. शिवाय फाइलच्या आतच मूळ ध्वनीची पडताळणीची खूण असते. पाच वर्षांनी हार्ड डिस्कवरची फाइल बिघडली आहे का, हे त्या खुणेवरून मिनिटात कळतं. जागाही तुम्ही म्हणता तेवढी लागत नाही. तासाभराची सीडी मुळात 635 एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये बहुधा साडेतीनशेच्या आत-बाहेर. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं तर आणखी आटतात. सीडीवर डाव्या-उजव्या बाजूला तोच आवाज दोनदा असतो आणि फ्लॅक ते ओळखून एकदाच साठवतं. माझा सगळा संग्रह अडीचशे जीबीच्या आत मावला.

एमपी3मध्ये आपल्या संगीताला खरा त्रास होतो तो वेगळ्या जागी. एन्कोडर प्रत्येक फाइलच्या आगेमागे थोडी शांतता जोडतो. प्लेअरने ती कापली नाही, तर विलंबित संपून द्रुत सुरू होतं त्या समेवरच खाच पडते. तुमच्या प्लेअरमध्ये ‘गॅपलेस’ सुरू आहे ना, तेवढं बघा. आवाज सारखा करणारी सोयही ‘ट्रॅक’वर न ठेवता ‘अल्बम’वर ठेवा. नाहीतर सुरुवातीचा आलाप शेवटच्या द्रुत झाल्याइतका मोठा होतो आणि दीड तास चढत गेलेली मैफल सपाट ऐकू येते.

चोरीबद्दल थोडक्यात. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52 यात खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीचा रास्त वापर हा भंग मानलेला नाही. विकत घेतलेली सीडी घरात ऐकण्यासाठी उतरवणं मी त्यात धरते. त्या फाइल दुसऱ्यांना वाटणं मी त्यात धरत नाही. ज्यांनी ड्राइव्हची लिंक मागितली, त्यांना मी नाही म्हटलं आणि यापुढेही म्हणेन.

“ॲपवर सगळं असतं” याबद्दल एवढंच, की माझ्या यादीतली काही गाणी एका सकाळी करडी, म्हणजे लावता न येणारी, झालेली दिसली, काही दिवसांनी दिसेनाशी झाली. ती परत आली नाहीत. आणि बाबांच्या कॅसेटमधलं तर कुठल्याच ॲपवर नाही.

त्या कॅसेटबद्दल मूळ लेखात मी फार कमी लिहिलं होतं. शनिवारी रात्री रेडिओवर संगीत सभा लागायची. बाबा टेपरेकॉर्डरच्या शेजारी पाट टाकून बसायचे, कारण नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीसाव्या मिनिटाला उलटायची असे. उतरवताना तो क्षण प्रत्येक कॅसेटमध्ये येतो. तान अर्ध्यावर तुटते, खट्ट आवाज, मग पुढची तान. ती जागा मी जोडून गुळगुळीत केलेली नाही. टॅगमध्ये लिहिलं आहे: ‘येथे कॅसेट उलटली’.

पहिल्या दहा कॅसेट मी चुकीच्या उतरवल्या. गायक काळी एक या पट्टीत गातात हे बाबांनी इनलेवर लिहून ठेवलेलं, आणि पेटीवर सा लावून पाहिला तर तो पांढरी दोनला भरत होता. अर्धा स्वर वर. आधी वाटलं, बाबांनीच चुकीचं लिहिलं. मग घरात कॅसेट आणि सीडी दोन्ही रूपांत असलेला एक अल्बम काढला आणि घड्याळ लावलं. तीस मिनिटांची बाजू पावणेदोन मिनिटं आधी संपली. म्हणजे कॅसेट वाजवणारा डेक जवळजवळ सहा टक्के जोरात पळत होता, आणि सहा टक्के म्हणजेच अर्धा स्वर. बाबांचं बरोबर होतं. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने मोटरचा स्क्रू फिरवून वेग बसवून दिला, मी दहाच्या दहा पुन्हा उतरवल्या. इनलेवर पट्टी लिहिलेली नसती, तर त्या मैफिली आमच्या घरात कायमच्या अर्धा स्वर वर राहिल्या असत्या.

दीड वर्षाबद्दल विचारलंत, तर ते असं गेलं: रोज रात्री जेवणानंतर एखादी-दुसरी सीडी. आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. मग उतरवायची. परदेशी सीडी असेल तर इतरांनी उतरवलेल्या प्रतींच्या ऑनलाइन यादीशी खूण ताडून बघता येते. मराठी सीडी त्या यादीत बहुधा नसतात, म्हणून दोनदा वाचून दोन्ही खुणा जुळतात का ते पाहायचं. नावं टंकताना ती सीडी लावून ऐकायची. यातली कित्येक मी विकत घेतल्यापासून पुरती ऐकलीच नव्हती. तो वेळ फुकट गेला असं मला कोणत्याही बाजूने म्हणता येत नाही. आता हे सगळं एका रास्पबेरी पायला (हा एक छोटासा संगणक) लावलेल्या हार्ड डिस्कवर आहे, नेव्हिड्रोम नावाचं सॉफ्टवेअर ते घरभर पोचवतं आणि दुसरी प्रत भावाकडे नाशिकला असते. आई संध्याकाळी स्वयंपाकघरातून टॅबवर ‘मारवा’ लिहिते आणि अकरा मारवे समोर येतात.

तुम्ही ओघात लिहिलंत, की तुमच्याकडेही वडिलांच्या चाळीसेक कॅसेट माळ्यावर पडून आहेत आणि त्या तुम्ही टाकून देणार आहात. टाकायच्या आधी एवढं करा. खाली उतरवून एक-दोन दिवस खोलीत राहू द्या. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि डेकमध्ये घालू नका. मधला फेल्टचा छोटा पॅड जागेवर आहे का बघा, तो कधी कधी गळून पडलेला असतो. चांगली दिसेल ती वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. आणि या सगळ्याच्या आधी, आजच, प्रत्येक इनलेच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर खिडकीपाशी, तिरप्या उजेडात.