खडा कुठला, ते तरी विचारा

बारावीला बायोलॉजी घेतलं होतं एवढ्यावर आमच्या खानदानात मला डॉक्टरच्या खालोखाल मान आहे, फी सोडून. कुणाचाही रिपोर्ट आला की आधी मला फोटो, मग डॉक्टरला.

परवा काकांची सोनोग्राफी झाली. सोलापूरचा मे, पारा 44 ला, दिवसभर यंत्रमागापुढं उभं राहायचं, घामानं निथळायचं आणि पाणी विसरून नुसता चहा ढोसायचा, मग लघवी घट्ट होऊन क्षार साठणार नाहीत तर काय. रिपोर्टात होतं युरेटर, काकांनी वाचलं युरेथ्रा, आणि खडा आता दारात आलाय म्हणून अख्ख्या पाहुण्यारावळ्यांना फोन. म्हटलं काका, युरेटर म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी, 25-30 सेंटीमीटरची, अशा दोन असतात. युरेथ्रा एकच, मूत्राशयातून बाहेर पडायची. तुमचा खडा आत्ता कुठं होटगी जंक्शनला आहे, अजून सोलापूर यायचंय, मग मोहोळ.

"मग होटगीत मुक्काम किती बे?"

हे निस्तरतोय तोवर मावशीला पण खडा. ग्रुपवर लगेच कुळथाच्या कढणाची रेसिपी, आणि मावशी दोन वेळा तांब्याभर कढण पिऊन बाथरूमच्या फेऱ्या मारतेय. अगं पण तुझा खडा पित्ताशयात आहे! पित्त उतरतं लहान आतड्यात, लघवीच्या वाटेशी त्याचा काही संबंधच नाही, कढण काय, उजनी धरण प्यालीस तरी तो हलायचा नाही. तर म्हणे, पित्ताचाच खडा ना, मला पित्त होतंयच की, शेंगाचटणी खाल्ली की छातीत जळजळतं. आता ती जळजळ जठरातल्या अ‍ॅसिडची, आणि खरं पित्त बनतं लिव्हरमध्ये, पण हे मावशीला सांगायची हिंमत घरात कुणाची नाही, मी फक्त सर्जनला भेट एवढंच म्हटलं.

आत्याचं तर विचारूच नका. एक्स-रेत कमरेचं हाड इलियम, भाच्यानं गुगल केलं तर निघालं लहान आतड्याचं टोक, तेही इलियमच, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. हाड दुखतंय आणि आत्या चार दिवस मऊ खिचडीवर.

आणि 'नस'! रक्त काढतात ती पण नस, मान अवघडल्यावर दबते ती पण नस. पहिली शीर, दुसरी मज्जातंतू, पण ऐकतंय कोण. आत्ताच मामांचा मेसेज आलाय, मानेची नस दबलीय, शेजारच्यांकडची रक्त पातळ करायची गोळी घेऊ का. थांबा, फोनच लावतो, टाइप करत बसलो तर हे गिळून मोकळे होतील.